चावी मुलाच्या हातात, जबाबदारी अब्बांच्या नावावर

पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या आलिशान गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरना उडवलं. त्याला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता. यावर देशभर संताप झाला, मुलाच्या वडिलांनाही अटक झाली. आपल्या मोहल्ल्यांतही चहाच्या टपरीवर, मस्जिदीच्या पायऱ्यांवर हाच विषय होता. श्रीमंताचं पोर, पैशाचा माज, विकली गेलेली यंत्रणा, असं बरंच काही बोललं गेलं आणि त्यात चूक काही नव्हती. पण त्याच टपरीसमोरून त्याच वेळी तीन पोरं एका स्प्लेंडरवर ट्रिपल सीट गेली असतील, तर त्यांच्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नसेल. त्यातल्या एकाकडेही लायसन्स नसेल, अशी पैज लावायला आम्ही तयार आहोत.

भिवंडी असो, मालेगाव असो, मुंब्रा असो की मिरज, चित्र फारसं वेगळं नाही. दहावी झाली की मुलाला गाडी हवी असते. घरची परिस्थिती बेताची असली तर जुनी गाडी येते, नाहीतर हप्त्यावर नवी. गाडी अब्बांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर आणि चालवणारा धाकटा. लायसन्सचं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "काढू की, इन्शाअल्लाह, पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना चार-चार वर्षं येत नाही. आपल्याकडे लायसन्स म्हणजे नाक्यावरच्या हवालदाराला दाखवायचा कागद, अशी समजूत पक्की झाली आहे. हवालदार नसेल त्या गल्लीतून गेलं की काम झालं! पण ज्या दिवशी अपघात होतो, त्या दिवशी हा कागद हवालदार नाही, विमा कंपनीचा वकील मागतो. त्या वकिलाला चुकवून जायला गल्ली नसते.

आधी कायद्याचं बघू. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ घातलं गेलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, लर्निंगसुद्धा नाही. यातली सगळ्यात बोचरी गोष्ट वेगळीच आहे. मुलाने गाडी पालकाच्या संमतीनेच नेली, असं कोर्ट गृहीत धरतं. "मी झोपलो होतो, त्याने चावी उचलून नेली" हे म्हणून भागत नाही, ते बापाला सिद्ध करावं लागतं. रोज क्लासला त्याच गाडीवर जाणाऱ्या मुलाच्या बापाने हे कसं सिद्ध करावं? अख्खा मोहल्ला साक्षीला आहे.

इथे एक गैरसमज घरोघरी आहे. "सोळा वर्षं झाली की बिनगिअरची गाडी चालते." अर्धी गोष्ट खरी आहे. सोळाव्या वर्षी पालकाच्या लेखी संमतीने लायसन्स मिळतं, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या अॅक्टिव्हा, ज्युपिटर या सगळ्या १०० सीसीच्या वर आहेत. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला अॅक्टिव्हा देणं हे बेकायदाच, त्याच्या खिशात सोळाव्या वर्षीचं लायसन्स असलं तरीही. बॅटरीच्या गाड्यांचंही तसंच. दुकानदार सांगतो, "याला लायसन्स लागत नाही." ज्या गाडीची मोटर २५० वॅटच्या आतली आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, तिलाच ही सूट आहे. तिला आरटीओचा नंबर नसतो. ज्या बॅटरी स्कूटरला हिरवी नंबरप्लेट आहे, तिला पेट्रोलच्या गाडीसारखंच लायसन्स लागतं.

दंडाची रक्कम लोकांना थोडीफार माहीत असते. बिनलायसन्स चालवलं तर कायद्यात ५ हजार, चालवायला दिली म्हणून मालकाला वेगळे ५ हजार. एवढ्यावर बोलणं थांबतं. आम्हाला वाटतं, खरं बोलणं इथून पुढे सुरू व्हायला हवं, कारण दंड ही यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

समजा, आपल्या मुलाच्या गाडीची धडक बसून एक माणूस दगावला. वय ३०, महिना १५ हजार कमावणारा, मागे बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी ठरवतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांत आखून दिलंय. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार. तरुण वय आणि स्वतःचा धंदा म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवायचे, झाले २ लाख ५२ हजार. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १ लाख ८९ हजार. त्या वयाला गुणक १७. गुणाकार करा, ३२ लाख १३ हजार रुपये. यात दफन किंवा अंत्यविधीचा खर्च, जोडीदार हरपल्याची रक्कम आणि व्याज अजून धरलेलं नाही. मयत माणूस जास्त कमावणारा असेल तर आकडा कुठच्या कुठे जातो.

गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल आणि चालवणाऱ्याकडे त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स असेल, तर ही रक्कम विमा कंपनी भरते. त्यासाठीच तर विमा असतो. लायसन्स नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात जो रस्ता घालून दिला, त्याला वकील मंडळी 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. मयताच्या घरच्यांवर अन्याय नको म्हणून कंपनीला आधी पैसे भरायला सांगितलं जातं, आणि मग कंपनी ते गाडीच्या मालकाकडून वसूल करते. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे बिनलायसन्सवाल्याला गाडी दिली, हे कंपनीला दाखवावं लागतं. पण मुलगा सतरा वर्षांचा आणि मालक त्याचा बाप असेल, तर कंपनीला त्यासाठी घाम गाळावा लागत नाही. मग ३२ लाख कुठून येतात? घर, चार यंत्रमागांचा शेड, अम्मीचे दागिने. मुलगी लग्नाची असेल तर पुढचं लिहायला नको.

विमाच संपलेला असेल तर मधली कंपनीही नाही, दावेदार थेट मालकाच्या दारात. जुन्या गाड्यांचं आणखी एक दुखणं आहे. आपल्याकडे गाड्या हातोहात विकल्या जातात. सहीचे फॉर्म दिले, पैसे घेतले, संपला व्यवहार. पण आरसी बुकावर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी तुम्ही विकलेली गाडी आज कुणाचं तरी बिनलायसन्स पोरगं चालवत असेल आणि नाव अजून तुमचंच असेल, तर नोटीस तुमच्याच पत्त्यावर येईल. हा लेख वाचणाऱ्यांपैकी काहींनी आत्ताच मोबाईलवर एमपरिवहन उघडून विकलेल्या गाडीचा नंबर टाकून पाहावा.

आपलाच मुलगा पडला, कुणाची चूक नाही, गाडी घसरली, तर काय? विम्याच्या पावतीवर 'ओनर ड्रायव्हर' नावाची एक ओळ असते, १५ लाखांच्या संरक्षणाची. ती फक्त नोंदणीकृत मालकाला आणि त्याच्याकडे चालू लायसन्स असेल तरच लागू होते. अब्बांच्या नावावरची गाडी मुलगा चालवत असेल तर त्या ओळीचा त्याला उपयोग नाही. म्हणून मुलगा अठरा पूर्ण झाला, गाडी तोच चालवणार असेल, तर आधी लायसन्स आणि मग गाडीही त्याच्याच नावावर करणं शहाणपणाचं.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिथे आपल्या घरांचं उलट नुकसान होतं. ट्रकने किंवा बसने आपल्या मुलाला उडवलं आणि त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, तर घरचे घाबरतात. समोरचा माणूस दबाव टाकतो, "तुमच्या पोराकडे लायसन्स कुठे होतं? केस केली तर तुम्हीच अडकाल." मग दफन झाल्यावर तिसऱ्या दिवशी कुठल्यातरी मध्यस्थाच्या बैठकीत थोड्याफार रकमेवर सह्या होतात. हे चूक आहे. केवळ लायसन्स नव्हतं म्हणून अपघातात त्याची चूक होती असं ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सुधीरकुमार राणा खटल्यात म्हटलं. तो मुलगाही अल्पवयीन होता आणि दुचाकीवर होता. चूक कुणाची ते अपघात कसा झाला यावरून ठरतं. बिनलायसन्स चालवल्याचा गुन्हा वेगळा, भरपाईचा हक्क वेगळा. सही करण्याआधी एका वकिलाला विचारा.

आता प्रश्न असा की एवढं सगळं असताना लायसन्स का काढलं जात नाही? पैसा हे कारण नाही. एका प्रकारच्या गाडीला लर्निंगची फी १५० रुपये, त्याची चाचणी ५०. पक्क्या लायसन्सची चाचणी ३०० आणि लायसन्सची फी २००. झाले ७०० रुपये, वर कार्ड आणि टपालाचे थोडे. मोबाईलचं एक मागचं कव्हर आणि इअरफोन याच्यापेक्षा जास्त किमतीचे येतात. एजंट मात्र याच कामाचे कितीतरी जास्त घेतो, आणि आपण देतो. का देतो? आरटीओ म्हणजे धक्के, ही भीती आणि कागदांचा घोळ.

भीती बरीचशी जुनी आहे. जून २०२१ पासून महाराष्ट्रात लर्निंग लायसन्स घरबसल्या काढता येतं. सारथी पोर्टलवर आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी येतो, रस्त्याच्या चिन्हांवर आणि नियमांवर प्रश्न येतात, ६० टक्के बरोबर आले की पास. चाचणी मराठीतही देता येते. उर्दू माध्यमातल्या मुलांना चिन्हं पाठ असली तरी मराठी प्रश्न वाचताना वेळ जातो, तेव्हा चार दिवस सराव करून बसवा. ही चाचणी एजंटने किंवा मित्राने देण्याचे प्रकार चालतात, ते आपल्याला माहीत आहे. ज्याला 'प्रवेश बंद' आणि 'एकेरी मार्ग' यातला फरक कळत नाही, त्याच्या हातात लर्निंग देऊन आपण काय मिळवलं?

कागदांचा घोळ मात्र खरा आहे आणि तो आपल्या घरांत जास्त आहे. शाळेच्या दाखल्यावर 'शेख अझहर', आधारवर 'मोहम्मद अझहर शेख', बँकेत 'मोहंमद', इंग्रजीत कुठे पूर्ण स्पेलिंग तर कुठे नुसती दोन अक्षरं. बापाचं नाव एकीकडे शेवटी, एकीकडे गायब. आधारवरून अर्ज केला की लायसन्सवर आधारमधलंच नाव येतं. पुढे पासपोर्ट दाखल्यावरून निघाला की दोन कागदांवर दोन माणसं उभी राहतात. म्हणून लायसन्सचा अर्ज नंतर, आधी दाखला आणि आधार एका ओळीत आणा. जन्मतारखेचंही बघा. आमच्या बापांच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मले, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली. मुलांच्या पिढीत तरी तसं नको. आणि आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय, तो चालू आहे का? दुबईला गेलेल्या चाचाचा जुना नंबर जोडलेला असेल तर ओटीपी तिकडेच जाईल. ज्याला आधार वापरायचं नाही, त्याला इतर कागद घेऊन प्रत्यक्ष आरटीओत जाण्याचा रस्ता खुला आहेच.

लर्निंग सहा महिने चालतं. तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. मधल्या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावायचा आणि मागे बसवायचं ते फक्त शिकवणाऱ्याला, ज्याच्याकडे लायसन्स आहे. दोस्ताला मागे बसवून कॉलेजला जाणं लर्निंगवर चालत नाही. चाचणीला गाडी आपलीच न्यायची असते, तिचा विमा आणि पीयूसी चालू लागतात. मैदानात आठचा आकडा काढायचा, पाय टेकला की गडबड. नापास झालं तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं, त्यात लाज कसली? आठ काढायला न जमणाऱ्या मुलाला बाजारपेठेच्या गर्दीत सोडायची लाज वाटायला हवी. एक बारीक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. स्कूटीवर चाचणी दिली तर लायसन्स बिनगिअरचं मिळतं. त्यावर स्प्लेंडर किंवा बुलेट चालवली तर विमा कंपनी पुन्हा तोच आक्षेप घेते. गिअरची गाडी चालवायची असेल तर चाचणी गिअरच्याच गाडीवर द्या.

मुलींबद्दल थोडं वेगळं बोलावं लागतं. बऱ्याच घरांत मुलगा चौदाव्या वर्षी न विचारता गाडी नेतो, आणि बी.एड.ला जाणारी वीस वर्षांची मुलगी विचारते तेव्हा "लोक काय म्हणतील" सुरू होतं. ती मात्र विचारून, शिकून, लायसन्स काढून चालवणारी असते! शाळेत शिकवणाऱ्या, क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या, मुलांना मदरशात सोडून पुढे कामावर जाणाऱ्या आपल्या बायका स्कूटीवर दिसायला लागल्यात, ही गेल्या काही वर्षांतली आनंदाची गोष्ट आहे. बुरख्याचा घेर मात्र सावरून घ्या. मागच्या चाकाला कपडा अडकू नये म्हणून जाळी असणं नियमाने सक्तीचं आहे, ती बघायला बरी दिसत नाही म्हणून काढून टाकू नका. हेल्मेटमधून स्कार्फला सूट नाही. आत पातळ स्कार्फ, गाठ आणि पिना मानेच्या खाली, वर आयएसआयचं हेल्मेट आणि हनुवटीचा पट्टा लावलेला. लायसन्सच्या फोटोत चेहरा पूर्ण दिसावा लागतो, त्यामुळे नकाब तेवढ्यापुरता बाजूला करावा लागेल. घरातल्यांनी हे आधीच बोलून घ्यावं, म्हणजे खिडकीपाशी खोळंबा होत नाही.

हेल्मेटचं मुलांनाही सांगायला हवं. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९. यात एखादं मध्यम गाव बसतं.

रोजगाराचा मुद्दा राहिलाच. आज शहरात जेवण आणि पार्सल पोचवण्याचं काम हे आपल्या तरुणांचं मोठं पोट आहे. राज्याने २०२५ मध्ये इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीलाही मंजुरी दिली. या सगळ्याला पहिला कागद लागतो तो लायसन्सचा. मग मुलं काय करतात, तर भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर काम करतात. अपघात झाला की कंपनीच्या नोंदीत तो मुलगा त्या गाडीवर नव्हताच. आखातात जायचं म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. तिथे नोकरी करायला तिथलंच लायसन्स काढावं लागतं, पण इथे कधी रीतसर शिकलेलाच नसलेला मुलगा तिथल्या कडक चाचणीत पुन्हा पुन्हा नापास होतो आणि प्रत्येक वेळचे पैसे दिरहममध्ये जातात. आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलाच्या हातून निष्काळजीपणाने मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. केस चालू असेपर्यंत पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन अडतं. त्या मुलाचं आखात तिथेच संपतं.

दरवर्षी शब-ए-बरात जवळ आली की उलेमा आणि मोहल्ला कमिट्या आवाहन करतात, इबादतीच्या रात्री रस्त्यावर गाड्यांची शर्यत लावू नका, पालकांनी चाव्या काढून घ्या. आवाहन चांगलंच आहे. पण ते एका रात्रीचं राहतं. उरलेल्या ३६४ रात्री चावी खुंटीवरच असते. ज्या मोहल्ला कमिट्या रक्तदानाचं शिबिर भरवतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात, त्यांना हेही जमण्यासारखं आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतरच्या एखाद्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये दोन लॅपटॉप, आधार दुरुस्तीची माहिती असलेला एक माणूस, चिन्हांचा एक तक्ता. अठरा पूर्ण झालेल्यांनी स्वतः बसून लर्निंगची चाचणी द्यायची. सतरा वर्षांवाल्यांच्या अब्बांना समोरच्या खुर्चीवर बसवून ३२ लाखांचा तो हिशेब फळ्यावर लिहून दाखवायचा.